काट्यावरची दोस्ती

१९५८ साली पु. ल. देशपांड्यांचं ‘बटाट्याची चाळ’ आलं. त्यातल्या ‘उपास’मध्ये एक गृहस्थ वजन उतरवायचं ठरवतात आणि हा बेत चाळीत फुटतो. मग ज्याला त्याला कंठ फुटतो. प्रत्येकाचा सल्ला वेगळा, आणि प्रत्येकाला आपल्या सल्ल्याची शंभर टक्के खात्री. आपल्याला हसू येतं, कारण असली चाळ प्रत्येकानं भोगलेली असते. ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्येसुद्धा.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९६१ मध्ये, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन निडेच नावाच्या गृहिणीनं सहा मैत्रिणींना घरी बोलावलं. सगळ्या तिच्यासारख्याच जाड. शहराच्या आरोग्य खात्याच्या स्थूलता क्लिनिकमधून तिला आहाराचा तक्ता मिळाला होता, वजनही थोडं उतरलं होतं. पण चोरून बिस्किटं खाणं काही सुटत नव्हतं, आणि ते क्लिनिकमधल्या बाईंना सांगायची हिंमत होत नव्हती. मैत्रिणींना तिनं सांगून टाकलं. त्यांनीही आपापल्या चोऱ्या सांगितल्या. दोनेक महिन्यांत दर आठवड्याला चाळीसच्या आसपास बायका तिच्या घरी जमू लागल्या. निडेचबाई ९७ किलोंवरून ६४ किलोंवर आल्या, आणि १९६३ मध्ये त्या बैठकांमधून ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी उभी राहिली.

चाळ आणि क्वीन्समधला तो दिवाणखाना, दोन्हीकडे माणसं होती आणि दोन्हीकडे बोलणं होतं. पण चाळीतल्या एकाचंही त्या वजनात काही अडकलेलं नव्हतं, आणि दिवाणखान्यातल्या प्रत्येकीचं अडकलेलं होतं. वजन, मधुमेह, गुडघे, हृदय यांच्याशी झगडणाऱ्याला मित्रमैत्रिणींची सोबत खरंच उपयोगी पडते का, पडत असेल तर नेमकी कशात, आणि कधी ती उलटते, या प्रश्नाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतला माग काढला तर हाच फरक पुन्हा पुन्हा समोर येतो.

या सोबतीची वैद्यकातली पहिली ठळक नोंद गमतीची आहे, कारण तिथे वजन वाढवायचं होतं. १९०५ मध्ये बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरोग्यांचा एक ‘वर्ग’ सुरू केला. सॅनेटोरियम परवडत नसलेल्यांनी घरीच विश्रांती, मोकळी हवा आणि चांगला आहार घ्यायचा, रोजचा ताप आणि खाणंपिणं वहीत लिहायचं आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी जमायचं. तिथे वह्या तपासल्या जात, वजन केलं जाई, आणि ज्याचं वाढलं असेल त्याच्याकडे बाकीचे आशेनं बघत. डॉक्टरांना वह्या एकदम तपासायच्या होत्या म्हणून माणसं एका खोलीत आली. पण आपल्यासारखाच खोकणारा माणूस बरा होताना दिसणं हेही औषधच आहे, हे प्रॅटच्या लक्षात आलं. समूहउपचाराचा इतिहास लिहिणारे बहुधा याच खोलीपासून सुरुवात करतात. पुढे १९३५ मध्ये ओहायोतल्या अॅक्रन गावी दोन दारुड्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस निघालं. १९४८ मध्ये मिलवॉकीला एस्थर मांझ या बाईंनी वजनासाठी तशीच बैठक सुरू केली, म्हणजे निडेचबाईंच्याही आधी. १९५१ मध्ये बोस्टनलाच हृदयाची शस्त्रक्रिया झालेले चार रुग्ण एकत्र आले, नव्यानं शस्त्रक्रिया होणाऱ्यांना धीर देण्यासाठी.

आता पुराव्याकडे वळू. यातला सर्वांत गाजलेला आकडा २००७ चा. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या हृदयविकार अभ्यासातली १२,०६७ माणसांची ३२ वर्षांची माहिती चाळली. त्यांना असं दिसलं की मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. भाऊबहीण झाले तर ४० टक्क्यांनी, नवरा किंवा बायको झाली तर ३७ टक्क्यांनी. शेजाऱ्याच्या वजनाचा मात्र काही परिणाम नाही. म्हणजे एका ताटात जेवणाऱ्यापेक्षा दूर राहणाऱ्या मित्राचा प्रभाव जास्त! वर्तमानपत्रांनी ‘लठ्ठपणा संसर्गजन्य’ असे मथळे दिले. पुढच्याच वर्षी इथन कोहेन-कोल आणि जेसन फ्लेचर या दोघांनी तशीच पद्धत किशोरवयीन मुलांच्या माहितीवर लावली आणि दाखवून दिलं की या हिशेबानं मुरुमं, डोकेदुखी आणि चक्क उंचीसुद्धा मित्राकडून मित्राकडे ‘पसरते’. सारखी माणसं मुळात एकमेकांना शोधतात, एकाच गावात एकाच प्रकारच्या गाड्यांवर खातात. ते बाजूला काढणं सोपं नाही. माझ्या मते ५७ हा आकडा विसरलेला बरा. मित्र हे आपल्या ‘एवढं चालतं’ची मोजपट्टी ठरवतात, एवढं मात्र त्यातून घ्यायला हरकत नाही. जॉन द कास्त्रो यांनी लोकांच्या आहाराच्या रोजनिशा तपासल्या तेव्हा चारचौघांत घेतलेलं जेवण एकट्यानं घेतलेल्यापेक्षा सरासरी ४४ टक्के मोठं निघालं. सकाळी टेकडी चढून उतरल्यावर पायथ्याशी मिसळीची ऑर्डर देणाऱ्या आमच्या पुणेकर मंडळींना हे सांगायला संशोधक कशाला हवा?

यापेक्षा माझ्या दृष्टीनं मोलाचा आहे तो १९९९ चा रीना विंग आणि रॉबर्ट जेफरी यांचा प्रयोग. १६६ माणसं, काही एकटी आलेली, काही तीन मित्र किंवा नातेवाईक सोबत घेऊन आलेली. चार महिन्यांचा वजनाचा कार्यक्रम. काही गटांना नेहमीचंच शिक्षण, काहींना त्याबरोबर एकमेकांना सोबत कशी करायची याचेही धडे. एकटे आलेल्या आणि नेहमीचं शिक्षण मिळालेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी कार्यक्रम पूर्ण केला. मित्रांसह आलेल्या आणि सोबतीचे धडे मिळालेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी. पण खरी गोष्ट पुढेच आहे. कार्यक्रम संपल्यावर सहा महिन्यांनी उतरलेलं वजन पूर्णपणे टिकवून ठेवलेले पहिल्या गटात २४ टक्के होते, दुसऱ्यात ६६. ज्याच्या हाताशी तीन मित्र आहेत तो माणूस मुळातच वेगळ्या घडणीचा असू शकतो, ही शंका इथेही राहतेच. तरी कल स्पष्ट आहे. वजन उतरवणं एकट्यालाही जमतं. माणसं लागतात ती नंतर, कौतुक संपल्यावर.

पुरुषांचं काय, हा प्रश्न बराच काळ कोणी विचारला नव्हता. अशा बैठकांना बायकाच येतात, पुरुषांना तिथे बसायची लाज वाटते. २०१४ मध्ये स्कॉटलंडमधून आलेला एक अभ्यास त्यामुळे वाचण्यासारखा आहे. तिथल्या १३ व्यावसायिक फुटबॉल क्लबांनी आपल्या जाडजूड चाहत्यांना, वय ३५ ते ६५, स्टेडियमवरच बोलावलं. बारा आठवडे क्लबचेच प्रशिक्षक, क्लबचीच जर्सी, आणि भरपूर थट्टामस्करी. वर्षभरानंतर या पुरुषांचं वजन, वाट बघत ठेवलेल्या पुरुषांच्या तुलनेत, सरासरी ४.९४ किलोंनी जास्त उतरलेलं होतं. ‘वजन कमी करायला जातोय’ म्हणायची वेळच आली नाही. ते ‘क्लबवर जातोय’ म्हणत. आपल्याकडे क्रिकेटचे क्लब आहेत, गणेश मंडळं आहेत, ढोलपथकं आहेत. कोणी तरी हे करून बघायला हवं.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक पदर आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय तंतोतंत २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. दिसायला बारीक, आतून जाड असा हा आपला भारतीय देह. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं सांगतात. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर आहेत. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. तात्पर्य, ग्रुपमधल्या ज्या सडपातळ मैत्रिणीला सगळ्या ‘तुला काय गं चिंता’ म्हणतात, तिची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, कोणी विचारलेलीच नसते.

सोबतीचा प्रयोग भारतात झाला का? झाला, आणि तोही चांगला. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात ६० मतदान क्षेत्रांतली, मधुमेहाचा धोका असलेली १,००७ माणसं निवडली गेली. निम्म्या भागांत त्यांच्यातल्याच काहींना गटप्रमुख म्हणून तयार केलं. दोन्ही बाजूंचा दोन वर्षं पाठपुरावा. निकाल २०१८ मध्ये आले. गट असलेल्यांत १४.९ टक्के लोकांना मधुमेह झाला, नसलेल्यांत १७.१. फरक इतका थोडा की संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो टिकला नाही. पण गटातल्यांच्या जेवणात फळं-भाज्या वाढल्या, दारू कमी झाली, हिंडण्याफिरण्याची ताकद सुधारली. हा निकाल मला अपयश वाटत नाही. सोबतीनं साखर जादूनं उतरत नाही, एवढं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

महाराष्ट्रात मात्र आपण वेगळ्याच वादात रमलो. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या कल्पनेवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकर सांगतात, थोडं थोडं खा, दर दोनेक तासांनी खा, तूप सोडू नका. काही वर्षांपूर्वी घराघरांत ‘दीक्षित की दिवेकर’ असे दोन पक्ष पडले होते. नवरा एका पक्षात, बायको दुसऱ्या, आणि स्वयंपाकघराला कुठलंच वेळापत्रक उरलेलं नाही अशीही घरं होती. कोणाचं शास्त्र बरोबर यावर शाई पुष्कळ खर्च झाली. एक गोष्ट मात्र फार कमी जणांनी पाहिली. दीक्षितांचं म्हणणं पसरलं ते मुख्यतः फुकट चालणाऱ्या व्हॉट्सअॅप गटांतून, जिथे अनोळखी माणसं एकमेकांना आपले रक्ताचे रिपोर्ट दाखवत होती आणि ‘आज मोडलं’ असं लिहीत होती. त्या गटांनी कितींचं वजन टिकवलं हे कोणी नीट मोजायला हवं. आपल्या समाजात शुगर लपवतात, मुलीचं लग्न व्हायचं असेल तर जास्तच. तिथे हा मोकळेपणा आला, याचं श्रेय कुठल्याही आहारतक्त्याला देता येणार नाही.

आता अवघड भाग. वजन परत येतं. ते येणारच असतं असं म्हटलं तरी चालेल. अमेरिकेत ‘द बिगेस्ट लूझर’ नावाची वजन उतरवण्याची टीव्ही स्पर्धा होती. केव्हिन हॉल यांनी तिच्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं (२०१६). स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरलेले, त्यातले ४१ परत आलेले. त्याहून वाईट म्हणजे त्यांचं शरीर त्यांच्या आकारमानाच्या मानानं रोज सुमारे ५०० उष्मांक कमी जाळत होतं, सहा वर्षांनंतरही. २०११ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात वजन उतरल्यावर वर्षभरानंतरही भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेलीच सापडली. म्हणजे ज्याला आपण ‘मनावर ताबा नाही’ म्हणून हिणवतो, त्याच्याशी त्याचं स्वतःचं शरीर रोज भांडत असतं. हे मित्रांना ठाऊक असणं हीच अर्धी सोबत झाली.

दुसरी घसरण मनाची. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी प्रयोगात काही जणींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग ‘चव सांगा’ म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवलं. पथ्य न करणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिकच. पथ्यावर असणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. आता मोडलंच आहे तर मोडू दे! गणपतीत पहिला मोदक खाल्ल्यावर पुढचे दहा दिवस कसे गेले हे आठवून पाहा. नुकसान एका मोदकानं होत नाही, पुढच्या दहा दिवसांनी होतं. आणि मित्राचा उपयोग तिथे आहे, पहिल्या आणि दुसऱ्या मोदकाच्या मधल्या जागेत. व्यसनमुक्तीच्या बैठकांना हे फार आधी कळलं. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण उभं केलं, तेव्हापासून ‘स्लिप’ हा शब्द आपल्याकडेही रुळला आहे. स्लिप झालेला माणूस परत येतो, सांगतो आणि खुर्चीवर बसतो. दारू पूर्ण सोडता तरी येते. जेवण सोडता येत नाही, म्हणून इथे स्लिप आणखी जास्त होणार.

आणि तिसरी घसरण आजारपणाची, जिच्यापुढे बहुतेक गट हात टेकतात. स्टिरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारावरची काही औषधं वजन वाढवतात. थायरॉईड मंदावलं की वाढतं. ऑपरेशननंतर महिनोन् महिने चालणं बंद होतं. माणसानं काहीही चुकीचं केलेलं नसतं आणि काटा मात्र पुढे सरकतो.

नाशिकच्या एका जॉगिंग ट्रॅकवरचा बायकांचा एक गट मी जवळून पाहिला आहे. पन्नाशी ते पासष्टीच्या पाच जणी. त्यातल्या एक बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेल्या, त्यामुळे वही आलीच. लांबट, लाल कापडी पाठीची, खतावणीसारखी. आडव्या रकान्यांत नावं, उभ्या रकान्यांत रविवारच्या तारखा, प्रत्येक चौकोनात किलो आणि ग्रॅम. ज्या आठवड्यात जिचं सर्वांत जास्त उतरेल तिला बाकीच्या चहा पाजणार. काही महिने झकास चाललं. मग एकीला संधिवातासाठी स्टिरॉइड सुरू झालं. चेहरा सुजला, वजन चढायला लागलं. “चेहरा छान भरलाय हो तुमचा,” असं एक जण चांगल्या मनानं म्हणाली. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्याही पुढच्या नाही. वहीत त्यांच्या नावापुढे रिकामे चौकोन पडत गेले, आणि कोणीच फोन केला नाही, कारण काय बोलायचं ते कोणाला कळेना.

पावसाळ्यानंतर दुसरीचा उजवा गुडघा बदलला. या वेळी कॅशियरबाईंनी शहाणपणा केला. ट्रॅकवर जमण्याऐवजी सगळ्यांना त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जमायला लावलं. सकाळी सातला प्लास्टिकच्या खुर्च्या, वॉकरच्या रबरी टोप्यांचा फरशीवर चिकटल्यासारखा आवाज, आणि पहिला प्रश्न ठरलेला.

“काय गं, नव्वद झाला का?”

“कुठला! आज पंच्याऐंशी. फिजिओचा मुलगा रडवतो मला.”

“रड, पण वाकव.”

गुडघा किती अंशांत वाकतो याचा हा हिशेब. वहीत आता किलोंच्या जागी अंश येऊ लागले, दुसऱ्या एकीचे उपाशीपोटी साखरेचे आकडे येऊ लागले, आणि ज्या दिवशी काहीच नसेल त्या दिवशी नुसता ‘ह’, म्हणजे हजर. मग कॅशियरबाई ती वही घेऊन स्टिरॉइडवाल्या बाईंच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, आता यात वजन लिहीत नाही, तुम्ही फक्त या. त्या आल्या. त्यांचं वजन पुढे उतरलं का, हे मला सांगता येणार नाही, कारण ते वहीत नाही.

आपल्या बायकांना हे नव्यानं शिकवायला नको खरं तर. बचत गटात हप्ता चुकला तर दंड असतो, पण बऱ्याच गटांत बैठक चुकली तरी दंड असतो. गट टिकतो तो या दुसऱ्या नियमावर. वजनाच्या गटांनी हप्त्यावरच लक्ष ठेवलं आणि बैठक विसरली.

आजारपणातल्या सोबतीबद्दल वैद्यकातला एक मोठा धडा स्तनाच्या कर्करोगातून आला आहे. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांनी ८६ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोग पसरलेल्या या बायकांपैकी ज्यांना आठवड्याच्या गटबैठका मिळाल्या त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९. जगभर खळबळ उडाली. मग २००१ मध्ये पामेला गुडविन यांनी कॅनडात २३५ बायकांवर तेच पुन्हा करून पाहिलं. आयुष्य वाढलं नाही. स्पीगल यांच्या स्वतःच्या पुढच्या अभ्यासातही सगळ्या बायकांत मिळून ते वाढलेलं दिसलं नाही. पण गुडविन यांच्या गटातल्या बायकांचं दुःख हलकं झालं होतं आणि वेदना कमी जाणवत होत्या, विशेषतः ज्या सुरुवातीला फार खचलेल्या होत्या त्यांच्या. त्या काळात काही जणांनी हे ‘गटांचा उपयोग नाही’ असं वाचलं. मला वाटतं, चुकीच्या काट्यावर मोजल्यामुळे असं झालं.

सोबत उलटते कधी, हेही सांगितलं पाहिजे. एक, थट्टा. आपल्या मैत्रीत ‘जाड्या’, ‘ढोल्या’ हे प्रेमाचे शब्द समजले जातात. इंग्लंडमधल्या २,९४४ प्रौढांच्या चार वर्षांच्या पाहणीत वजनावरून भेदभाव सोसल्याचं सांगणाऱ्यांचं वजन सरासरी ०.९५ किलो वाढलं, बाकीच्यांचं ०.७१ किलो उतरलं. टोमण्यानं माणूस सुधारतो ही आपली समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. दोन, सरसकट सल्ला. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला ‘मी दोनदा जेवतो, तूही जेव’ म्हणणं धोक्याचं आहे; औषधाचा डोस न बदलता उपास केला तर साखर एकदम खाली जाते. चालण्याच्या प्रत्येक गटात एकाला तरी हे माहीत असावं: अचानक घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं आणि साखर ७० च्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल, तर माणूस शुद्धीवर आणि गिळू शकत असताना तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठायचं. यापुढे सगळे आहारतक्ते फिके आहेत. तीन, मित्र म्हणजे डॉक्टर नव्हे. जेवण लपवणं, जेवून मुद्दाम उलटी काढणं, आठवडेच्या आठवडे अंथरुणातून न उठणं दिसलं तर सोबत म्हणजे दवाखान्यात बरोबर जाणं.

नवा पेच वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा आहे. २०२१ च्या एका मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडनं ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं; औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. २०२५ मध्ये मार्चला टिर्झेपाटाइड आणि जूनला वेगोव्ही या नावानं सेमाग्लुटाइड भारतीय बाजारात आलं. त्याच वर्षी मे महिन्यात वेट वॉचर्सनं अमेरिकेत दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं. बैठकांचं युग संपलं, असं लगेच लिहिलं गेलं. मला उलट दिसतं. ज्यांना परवडतं ते इंजेक्शन घेतात आणि मित्रांना ‘रात्रीचं जेवण सोडलंय’ म्हणून सांगतात; ते ऐकून दुसरा खरंच जेवण सोडतो आणि त्याचं काही उतरत नाही. निडेचबाईंची बिस्किटं आणि हे इंजेक्शन यात लपवण्याच्या दृष्टीनं फरक नाही. औषध घेणं ही पळवाट नव्हे, आणि ते थांबवावं लागलं, खर्चानं किंवा मळमळीनं, तर तेव्हा लागणारी माणसं आतापासून खरं ऐकलेली असली पाहिजेत.

नवराबायकोंबद्दल एकच वाक्य, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे: २०१८ च्या एका अमेरिकन अभ्यासात एकानंच कार्यक्रमात नाव घातलं तरी सहा महिन्यांत सुमारे एक तृतीयांश जोडीदारांचंही वजन तीन टक्के किंवा जास्त उतरलं, काहीही न सांगता.

या सगळ्यातून माझा निष्कर्ष एवढाच निघतो की मित्रांची सोबत वजन उतरवण्याचं साधन म्हणून मध्यम दर्जाची आहे, आणि घसरलेल्याला परत आणण्याचं साधन म्हणून तिच्यापेक्षा स्वस्त दुसरं काही मला सापडलेलं नाही. तरीही आपल्या दवाखान्यांत तिची दखल नाही. केसपेपरवर ‘वजन कमी करा, व्यायाम करा’ असं लिहून पुढच्या रुग्णाला हाक मारली जाते. ओपीडीत एका रुग्णाला मिळणाऱ्या चार-पाच मिनिटांत याहून जास्त समजावणं कोणत्याही डॉक्टरला शक्य नाही, हे मान्य. पण त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहायला वेळ लागत नाही: ‘पुढच्या तपासणीला एका मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत आणा.’ डॉक्टर मंडळींनी ती लिहायला सुरुवात करावी, अशी विनंती आहे.